चतुःसीमेवरचा शेजार

‘घर विकणे आहे’ अशी पाटी एखाद्या जुन्या गल्लीत लागली, की येणारा-जाणारा क्षणभर थांबतो. जागा किती, भाव काय, घर मोकळे आहे की आत भाडेकरू आहे, हे प्रश्न ओघानेच येतात. अकोल्याच्या जुन्या शहरात, ताजनापेठेत किंवा जठारपेठेत अशी पाटी लागते, तेव्हा ते घर पुष्कळदा दोन बिऱ्हाडांचे असते. खाली मालक आणि वर भाडेकरू, किंवा मधल्या भिंतीच्या एका अंगाला थोरला भाऊ आणि दुसऱ्या अंगाला धाकटा, अशी त्याची रचना. अंगण एक, नळ एक, जिना एक. चुली मात्र दोन. अशा घराची विक्री हा वरकरणी दोन पक्षांमधला खासगी मामला असतो. परंतु जेथे चार धर्मांची आणि दहा जातींची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात, तेथे एका घराच्या व्यवहारात सबंध गल्लीचे काही ना काही पणाला लागलेले असते, याचा विचार फारसा होत नाही.

कायद्याला मात्र शेजाराचे भान आहे. खरेदीखत लिहिताना चतुःसीमा लिहावी लागते : पूर्वेस कोणाचे घर, पश्चिमेस कोणाची भिंत, उत्तरेस बोळ, दक्षिणेस सार्वजनिक रस्ता. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे एकविसावे कलम तर असे सांगते, की शहरातील घराचे वर्णन ते ज्या रस्त्याकडे तोंड करून आहे त्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे यावरून, आणि त्यात आज कोण राहते व पूर्वी कोण राहत होते यावरून करावे. जुन्या वस्तीतील एखाद्या दस्तात या चार दिशांना चार निरनिराळ्या समाजांची नावे एका ओळीत येतात. नव्या खरेदीखतात ती एकेक करून सारखी होत गेली, तर वस्तीत काय घडते आहे ते समजण्यास वेगळ्या पाहणीची गरज उरत नाही.

मोर्णेच्या दोन तीरांवर

अकोल्याचा शेजार मिश्र का, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. मोर्णेच्या पश्चिम तीरावर जुने शहर, पूर्व तीरावर ताजनापेठ, ही या गावाची मूळ मांडणी. औरंगजेबाच्या कारकिर्दीत असदखानाने येथे किल्ला बांधला. असदगड हे त्याचे नाव आजही टिकून आहे. त्याच जुन्या शहरात राजराजेश्वराचे देवालय आहे आणि श्रावणात पूर्णेचे पाणी घेऊन कावडी तेथेच येतात. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस जाणे थांबले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जगाची बाजारपेठ मिळाली. मुंबईहून निघालेली आगगाडी १८६७ मध्ये नागपुरास पोचली, तेव्हा अकोला तिच्या वाटेवरचे कापसाचे मोठे ठाणे होऊन बसले. सरकी काढणारे आणि गठाणी बांधणारे कारखाने निघाले. त्यांच्यामागे मारवाडी, गुजराती आणि कच्छी व्यापारी आले. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. सिंधी कॅम्प हे वस्तीचे नाव त्याची साक्ष देते. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि वऱ्हाडातील असंख्य कुटुंबांनी बौद्ध धर्म स्वीकारला. १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा प्राध्यापक, कारकून आणि विद्यार्थी यांची नवी भर पडली.

अशा शहरात भाषाही भिंतीला अडत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला उर्दू समजते आणि उर्दू बोलणारी आजी भाजीवाल्याशी वऱ्हाडीत घासाघीस करते. अकोला जिल्ह्यातीलच पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती पाटी कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. ज्या जिल्ह्यातून हा खटला गेला, तेथील गल्ल्यांमध्ये हे सत्य न्यायालयात न जाता पिढ्यान् पिढ्या पाळले गेले होते.

एका छपराखाली दोन चुली

दोन बिऱ्हाडांचे घर हे या मिश्र वस्तीचे सर्वांत लहान रूप होय. ते दोन वाटांनी तयार झाले. पहिली वाट वाटणीची. भावाभावांनी घर विभागले, मध्ये भिंत घातली, पण अंगण आणि विहीर सामाईक ठेवली. दुसरी वाट भाड्याची. शिक्षकाने किंवा कारकुनाने भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन घर बांधले आणि हप्ते फिटावेत म्हणून अर्धे भाड्याने दिले. म्हातारपणी तेच भाडे निवृत्तिवेतनाला जोड म्हणून उपयोगी पडले. भाडेकरू म्हणून येणारा बहुधा बदलीवर आलेला असे : टपाल खात्यातला, रेल्वेतला, बँकेतला, तहसिलीतला. तो दुसऱ्या जिल्ह्यातला, दुसऱ्या जातीचा, क्वचित दुसऱ्या भाषेचाही असे. नोकरशाहीच्या बदल्यांनी जे मिश्रण केले, ते कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाने इतक्या सहजतेने झाले नसते.

अर्थात या मिश्रणाला मर्यादा होत्या आणि त्या कठोर होत्या. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला. जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. पदव्या, पगार आणि राजाश्रय, यांपैकी कशाचाही दोन खोल्या मिळवण्यास उपयोग झाला नाही. ही गोष्ट जुनी झाली असे म्हणून समाधान मानता येत नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यांसह दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांच्या बाजाराचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुसलमान अर्जदारांना नकार किंवा जाचक अटी यांना अधिक प्रमाणात तोंड द्यावे लागते, असा त्याचा निष्कर्ष होता.

भाड्याच्या कायद्याने या घरांना आणखी एक वळण दिले. वऱ्हाडात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यानुसार भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी मालकाला भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी मिळवावी लागे आणि त्यानंतर दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागे. परिणामी भाडे गोठले, डागडुजी थांबली, मालक कुरकुरत राहिला. पण दोन्ही बिऱ्हाडे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे एकमेकांना सोडू शकली नाहीत. त्या सक्तीच्या सहवासात भांडणे झाली, तशीच एकमेकांच्या घरची बाळंतपणे आणि आजारपणेही निघाली. महाराष्ट्रापुरता एकच भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला, जुना आदेश संपला आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. घर विकले गेले तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, नवा मालक जुन्याच्या जागी येतो, हे तत्त्व मात्र कायम आहे. व्यवहारात ‘घर मोकळे करून द्यावे’ अशी अट खरेदीदार घालतो आणि पाटी लागताच वरच्या बिऱ्हाडाची झोप उडते.

विक्री का होते?

आज अशी घरे विकली जाण्याची कारणे सरळ आहेत. मुले पुण्यास, बंगळूरास किंवा परदेशी गेली. मागे राहिलेल्या वृद्धांना जिना चढवत नाही. जुन्या भिंतींना ओल लागली. यांत वारसाहक्काच्या बदलाची भर पडली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात असे एक कलम होते, की कुटुंबाच्या राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मनावर घेतल्याखेरीज मुलींना मागता येत नसे. २००५ च्या दुरुस्तीने ते कलम काढून टाकले आणि वडिलोपार्जित संपत्तीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. हा अन्याय दूर होणे अत्यावश्यक होते. परंतु वाटेकरी वाढले आणि घर तेवढेच राहिले. चार खोल्यांचे पाच वाटे होत नाहीत. १८९३ च्या वाटणी कायद्याने अशा वेळी घर विकून पैसा वाटण्याची सोय ठेवली आहे, आणि बहुतेक कुटुंबे न्यायालयात न जाता तोच मार्ग पत्करतात.

कुटुंबाच्या हिताची काळजी या कायद्यांनी घेतलेली आहे. अविभक्त कुटुंबाच्या घरातील वाटा बाहेरच्याने घेऊन वाटणी मागितली, तर घरातील माणसाला तो वाटा रास्त किमतीत परत घेता येतो. शेजाऱ्याचे काय? मुस्लिम कायद्यातील ‘शुफा’ या तत्त्वानुसार जागा विकताना पहिला हक्क तिघांना असे : सहमालकाला, वाट किंवा पाणी यांसारख्या हक्कातील भागीदाराला आणि लगतच्या शेजाऱ्याला. देशाच्या काही भागांत ही चाल इतर समाजांतही रूढ झाली होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांतील शेजाऱ्याचा हक्क घटनाबाह्य ठरवला. वस्तीत परका येऊ नये म्हणून समाज गटागटांत बांधून ठेवणे हे आता समर्थनीय नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. म्हणजे शेजारी कोण असावा हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार त्या वर्षी गेला. मनातला अधिकार मात्र गेला नाही. तो इसार देण्याघेण्याच्या आधी, दलालाच्या कानात, ‘आपल्यातलेच गिऱ्हाईक पाहा’ या एका वाक्यात शिल्लक राहिला.

एक घर, एक खटला

शेजारावरचा हा मनातला हक्क कागदावर उतरला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील सेंट लुई शहरात, लाबाडी ॲव्हेन्यूवर, दोन मजली, दोन बिऱ्हाडांचे एक विटांचे घर आहे. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने ते विकत घेतले. त्या रस्त्यावरील घरमालकांनी १९११ मध्ये आपसांत करार करून ठेवला होता, की ही घरे गोऱ्यांखेरीज कोणाला द्यायची नाहीत. क्रेमर नावाच्या शेजाऱ्याने दावा लावला. १९४८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की असे करार अमलात आणण्यासाठी न्यायालयांनी आपली शक्ती वापरणे घटनेच्या विरुद्ध आहे. शेली कुटुंब घरात राहिले.

परंतु पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. करार निष्प्रभ झाल्यावर अमेरिकेतील अनेक शहरांत दलालांनी नवी युक्ती काढली. गल्लीत एक कृष्णवर्णीय कुटुंब आले, की उरलेल्या गोऱ्या मालकांना ते सांगत सुटत, आता भाव पडणार, लवकर विका. घाबरलेल्यांकडून घरे स्वस्तात घ्यायची आणि गरजू कृष्णवर्णीयांना महाग विकायची, असा तो धंदा होता. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीत वंश आणि धर्म यांवरून भेद करण्यास व ही भीती पसरवण्यासही बंदी घातली. तोवर कित्येक मिश्र वस्त्या एकरंगी होऊन गेल्या होत्या. १९७१ मध्ये टॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने सोंगट्यांच्या पटावर मांडून दाखवले, की लोकांच्या मनात द्वेष नसला तरी ‘आपण अगदीच थोडे उरू नये’ एवढीशी इच्छा सबंध वस्ती दुभंगण्यास पुरेशी होते. एकाने घर सोडले, की दुसऱ्याचे आपल्यासारखे शेजारी एकाने कमी होतात. मग तोही उठतो.

या पटावरच्या सोंगट्या अकोल्यात हाडामांसाच्या आहेत. १३ मे २०२३ रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुराचे निमित्त होऊन जुन्या शहरात हिंसाचार उसळला. त्यात एकाचा बळी गेला, अनेक जखमी झाले आणि संचारबंदी लागू करावी लागली. अशा रात्रीनंतर गल्लीत संख्येने थोडे असलेले कुटुंब, मग ते कोणत्याही धर्माचे असो, दार लावून हिशेब करू लागते. त्या हिशेबाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. घरात तरुण मुली आणि अंथरुणाला खिळलेली आई असताना धैर्याचे उपदेश ऐकून घेण्याची कोणाची मनःस्थिती नसते. तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. दंगल एका रात्रीत संपते. तिच्या धास्तीने होणारी विक्री वर्षानुवर्षे चालू राहते, आणि वस्ती कायमची पालटते ती या विक्रीने.

कायद्याची मर्यादा

मग कायद्याने हा प्रश्न सुटेल काय? गुजरातेत १९९१ चा अशांत क्षेत्र कायदा आहे. घोषित क्षेत्रात स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. दंगलीच्या धाकाने मातीमोल भावात विकावे लागू नये, हा त्याचा उद्देश. परंतु दोन समाजांमधील रीतसर व्यवहारही त्यामुळे अवघड झाले आणि वेगळेपण घट्ट झाले, अशी टीका त्यावर होत आली आहे. सिंगापूरने १९८९ मध्ये उलट वाट धरली. सरकारी इमारतींत प्रत्येक वांशिक गटाचे कमाल प्रमाण ठरवून दिले. तेथे मिश्रण टिकले. पण अल्पसंख्याक विक्रेत्याला कित्येकदा गिऱ्हाईक कमी मिळते, ही त्याची किंमत. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम वैध मानला. समाजाने आपली लहान वसाहत जपावी की शहराने मिसळलेले राहावे, या दोन्ही इच्छा प्रामाणिक असू शकतात, हे त्यावरून दिसते. कायदा टोकाचा अन्याय रोखू शकेल. शेजार निर्माण करणे त्याच्या हातात नाही.

ते हातात आहे विकणाऱ्याच्या. येथे कोणी म्हणेल, घर माझे, ते कोणाला द्यावे हा माझा प्रश्न. हे खरेच आहे. पण त्याचा निव्वळ व्यवहार म्हणूनही विचार करून पाहावा. ‘आपल्यातलाच’ ही अट घातली, की गिऱ्हाइकांची संख्या घटते आणि घासाघिशीत विकणारा दुबळा होतो. जन्मभराची कमाई त्या एका घरात घातलेल्या शिक्षकाने जातीच्या आग्रहापायी दोन-चार लाखांवर पाणी सोडावे, यात शहाणपण कोणते? आणि भीतीने घाईघाईत विकणाऱ्याचे नुकसान तर याहून मोठे. दोन्ही प्रसंगी कमावतो तो मधला माणूस.

यासाठी काही साध्या रीती पाळता येण्यासारख्या आहेत. घर विकायचे ठरले, की प्रथम वरच्या बिऱ्हाडाला विचारावे. ज्याने तीस वर्षे भाडे भरले, त्याला ते घर घेण्याची पहिली संधी देणे हे सौजन्यच आहे, आणि बँकेचे कर्ज त्याला मिळू शकले तर रिकाम्या घराचा वादच उरत नाही. त्यानंतर येईल त्या प्रत्येकाला एकच भाव सांगावा. शेजाऱ्याला विक्रीची माहिती द्यावी. त्याची अनुमती मागू नये, कारण खरेदीदाराचे आडनाव तपासण्याचा अधिकार त्यालाही नाही. शेजाऱ्याला विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत : सामाईक भिंतीचा आधार, खिडकीचा उजेड, सांडपाण्याची वाट. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या अशा हक्कांना संरक्षण दिले आहे. ते खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्यावेत; निम्मी भांडणे तेथेच मिटतील. आणि गल्लीतील एखादे कुटुंब धास्तीने पाटी लावण्याच्या विचारात आहे असे कळले, तर उरलेल्यांनी त्याच्या घरी जावे. ‘तुम्ही जाऊ नका’ हे वाक्य शांतता समितीच्या बैठकीत उच्चारण्यापेक्षा त्या ओसरीवर बसून उच्चारले, तर त्याचे वजन निराळे असते. पोलिसांनी वेळेवर पोचणे आणि भरपाई वेळेवर मिळणे, हे शासनाचे काम आहेच. त्यावाचून शेजाऱ्यांचा शब्द अपुरा पडतो.

या शहराला दोन चुलींच्या घराची कल्पना राजकारणातही नवी नाही. ८ ऑगस्ट १९४७ रोजी झालेल्या अकोला करारात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत एका संयुक्त प्रांतात नांदावेत, अशी योजना मांडली गेली होती. ती योजना जशीच्या तशी अमलात आली नाही. पण वेगळे राहूनही एकत्र राहता येते, असे मानणारे लोक या शहरात एका टेबलाभोवती बसले होते, हे इतिहासात नोंदलेले आहे.

येत्या काळात जुन्या शहरातील बरीच घरे पडतील आणि त्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहतील. दोन बिऱ्हाडांच्या जागी दहा बिऱ्हाडे येतील. ती दहाही एकाच समाजाची असतील की पूर्वीच्या दोन बिऱ्हाडांसारखी निरनिराळी, याचा निर्णय कोणत्याही विकास आराखड्यात लिहिलेला नसेल. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, दस्तावर सही करण्यापूर्वी, विकणारा आणि घेणारा करणार आहेत. त्या दस्तातील चतुःसीमेच्या चार ओळींत पुढच्या पिढीला कोणती नावे वाचायला मिळावीत, हे ठरवण्यास तेवढा एक क्षण त्यांच्या हाती असतो.